होड्यांचं पान

"गो किशोरी, ह्या बघ! चंदनची होडी सुरक्षित नाय म्हणता!"

चंदनच्या आईनं, सावित्रीकाकींनी, फोन टेबलावर आदळला तेव्हा किशोरी वराडकरनं खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. कट्टा गावाहून येणारी एसटी त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा पोचली होती. मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर सात-आठ बायका उभ्या होत्या. एरवी सोमवारी सकाळी नऊला तिथं मांजरही फिरकत नसे.

किशोरीनं फोन उचलला. पडद्यावर लाल त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, आणि खाली ठळक अक्षरांत 'सुरक्षित नाही'.

"कोणी वाचल्यान तुमका?"

"नातीन वाचल्यान, साळेत जाता जाता. थंय बंदरात वादळाचो तीन नंबरचो बावटो लावलोहा, आणि हंय असा लिवलला!"

"काकी, ता होडीबद्दल नाय. ता आपल्या पानाबद्दल आसा. पान सुरक्षित नाय, असा म्हणता फोन."

"पानाक काय होतला?" काकी म्हणाल्या. "पान काय बुडता?"

बाहेरच्या बायकांपैकी कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. किशोरी हसली नाही. पानाला काय झालं ते तिला कळत नव्हतं, पण ते कोणामुळे झालं ते कळलं होतं.

सोसायटीच्या वेबसाइटला गावात कोणी वेबसाइट म्हणत नसे. सगळे 'पान' म्हणत. सोसायटीच्या चौतीस होड्यांची ती यादी होती. प्रत्येक होडीचा छोटा फोटो, नाव, आणि नावापुढे एक ठिपका. निळा ठिपका म्हणजे होडी दर्यात, हिरवा म्हणजे किनाऱ्याला लागली, पिवळा म्हणजे वाऱ्यामुळे दुसऱ्या बंदरात किंवा खाडीत आसऱ्याला गेली. सावित्रीकाकींना वाचता येत नव्हतं, पण ठिपके कळत. पान होण्याआधी असा वारा सुटला की होड्या जवळची खाडी गाठून मोकळ्या होत आणि इकडे घरची माणसं अंधार पडेपर्यंत वाळूवर उभी असत. ते सगळं बघत लहानाची मोठी झालेल्या वर्षालीनं, होडी चालवणाऱ्या गावातल्याच एका तांडेलाच्या मुलीनं, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हे पान तयार केलं. पहाटे निघताना तांडेल सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकत, किशोरी ऑफिसात आल्यावर ठिपके निळे करी, आणि दुपारपर्यंत होड्या जशा लागतील तसे हिरवे.

वर्षाली नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा पान किशोरीच्या गळ्यात पडलं. सोसायटीत संगणकापुढे बसणारं दुसरं कोणी नव्हतंच. तेवीस वर्षं किशोरी तिथं कारकून होती. होड्यांचे परवाने, नूतनीकरण, इंजिनांचे नंबर, फिशरीज ऑफिसला जाणारी पत्रं. होड्यांशी तिची ओळख कागदावरून. कट्ट्याच्या शेतकरी घरातली ती. भात, काजू, चार आंब्याची कलमं. लग्न झालं नाही, भावाच्या घरी राहायची. आजवर एकदाच होडीत बसली होती आणि बंदराबाहेर पडायच्या आतच तिला उतरवावं लागलं होतं. गाबतिणी, गावातल्या मच्छीमारांच्या बायका, तिला मागे 'कट्ट्याची' म्हणत, हे तिला ठाऊक होतं. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त तेवीस वर्षांनंतरही म्हणत, एवढंच.

"मावशी, काळ्या पडद्यावर काय टाइप करूचा नाय तुका," वर्षालीनं जाताना सांगितलं होतं. "ह्या पॅनल बघ. सगळी बटनां आसत. बँकेच्या एटीएमसारखा."

पॅनल एटीएमसारखं अजिबात नव्हतं. डावीकडे उभी रांग: साइट, फोल्डर, सर्टिफिकेट, बॅकअप, स्टॉप, स्टार्ट. प्रत्येकाच्या पोटात आणखी दहा-दहा खिडक्या. पण वर्षालीनं तिला समजेल अशा भाषेत सांगितलं होतं. सर्व्हर म्हणजे लांब कुठेतरी सतत चालू असलेलं मशीन. त्यावर एकटं आपलंच पान नसतं, चाळीसारखी बिऱ्हाडं असतात. कोणी पत्ता विचारत आलं की मशीन दारांवरच्या पाट्या बघतं आणि त्या दारात नेऊन सोडतं. सर्टिफिकेट म्हणजे पाटीवरचा सरकारी शिक्का समज. तो नसला की फोन आत जायला घाबरतो. किशोरीनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं.

गेल्या महिन्यात सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीची मेल आली. जुनं मशीन बंद होणार, या महिनाअखेरपर्यंत सगळ्यांनी आपापली साइट नव्या मशीनवर हलवावी. खाली बारा पायऱ्या, इंग्रजीत. वर्षाली म्हणाली, "दिवाळेक येतंय तेव्हा करूया." पण दिवाळी महिनाअखेरीनंतर होती. किशोरीनं डिक्शनरी काढली. शनिवारी दुपारी, सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्यावर, तिनं दार लोटून घेतलं आणि बाराच्या बारा पायऱ्या एकेक करून चढली. बॅकअप घेतला, नव्या मशीनवर ठेवला, नव्या साइटचं नाव भरलं, पत्ता वळवला. सर्टिफिकेटच्या पायरीवर मात्र लाल ओळ उमटली: नावाची पडताळणी होऊ शकली नाही. मेलमध्ये लिहिलं होतं की पत्ता वळायला चोवीस तास लागू शकतात. तिला वाटलं, त्यामुळेच असेल. उद्यापर्यंत जुळेल आपोआप.

संध्याकाळपर्यंत जुनं पानच दिसत होतं. रविवारी देवळात जत्रेची बैठक होती, एकही होडी गेली नाही. ती दिवसभर भावाच्या शेतात भात कापत होती. फोन उघडून बघायचं डोक्यातच आलं नाही. फार दिवसांनी मनातून खूष होती ती. आपण हे केलं, कोणाला न विचारता, असं विळा चालवताना दोनदा तरी तिच्या मनात आलं होतं.

आणि आता तीन नंबरचा बावटा लागला होता, पहाटे चारला गेलेल्या एकोणीस होड्या दर्यात होत्या, आणि पानावर लाल त्रिकोण होता.

चेअरमन बाळा तारी धापा टाकत आले. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. स्वतःच्या दोन होड्या. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत त्यांनी आत येऊन सगळं ऐकलं आणि ओट्यावर जाऊन हात वर केले.

"ऐका गे! कंपनीचो घोळ आसा. मी आताच फोन लावतंय. तुमी घराक जावा."

किशोरी त्यांच्या मागोमाग दारात आली. असं काही बोलायचं ठरवून ती आली नव्हती.

"कंपनीचो नाय, भाई," ती म्हणाली. "घोळ माझो आसा. शनवारी मी पान नव्या मशीनवर हलवलंय. थंय कायतरी माझ्याकडसून चुकला."

बाळा तारींनी तिच्याकडे पाहिलं. 'कशाला बोललीस' असंच त्या नजरेत होतं. घोळक्यातून सावित्रीकाकी पुढे आल्या.

"शनवारी केलंस? आणि आज सांगतंस?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "तुझा कोण दर्यात आसा गो? कोणच नाय. म्हणान तुका असले खेळ सुचले."

किशोरीनं मान हलवली, आत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. मागची कोरी बाजू वर करून ते ओट्यावरच्या भिंतीला लावलं. मार्करनं ग्रुपवरचे निरोप बघत एकोणीस नावं लिहिली. मग खुर्ची बाहेर आणून एकेक तांडेलाला फोन लावायला सुरुवात केली. पान नव्हतं तेव्हा जसं केलं असतं तसंच. दर्यात लांब गेलेल्यांना रेंज नव्हती. पण दहा वाजेपर्यंत सात जण बोलले. बावट्याचं कळलं आहे, परत फिरलो आहोत. लागला फोन की ती नावापुढे वेळ टाकी आणि मोठ्यानं वाची. घोळक्यातली एकेक बाई सुस्कारा टाकून बाजूला होई, पण घरी कोणी जात नव्हतं. चंदनचा फोन लागला नाही.

"वर्षालीक लाव," बाळा तारी म्हणाले.

"लावलंय. तिच्या हाफिसात फोन कपाटात ठेवचो लागता. सांजचे सहा वाजल्याशिवाय उचलूची नाय."

कंपनीच्या मदत-क्रमांकावर आधी गाणं वाजलं, मग एका मुलीनं तक्रार नोंदवून घेतली. "चोवीस तासांत आमचे प्रतिनिधी संपर्क साधतील, मॅडम."

"दुपारपर्यंत नाही का होणार?" किशोरीनं विचारलं.

"चोवीस तासांत, मॅडम."

तिनं मार्कर बाळा तारींच्या हातात दिला. "भाई, तुमी फोन लावत रवा. मी बघतंय."

"जमतला तुका?"

"म्हायत नाय," ती म्हणाली आणि आत जाऊन संगणकापुढे बसली.

लाल त्रिकोणाखाली बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा' असं होतं. ती पुढे गेली. आत पान नव्हतं. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर दोनच इंग्रजी शब्द होते, आणि त्यांचा अर्थ होता, 'चालतंय!' काय चालतंय? होड्या कुठे आहेत?

मग तिनं वही काढली. वर्षालीचं बोलणं तिनं शब्दन् शब्द लिहून ठेवलं होतं. 'दारावरची पाटी जुळली नाही तर मशीन पाहुण्याला पडवीत बसवतं.' ती ओळ तिनं दोनदा वाचली. म्हणजे हा पांढरा पडदा ही पडवी होती. मशीन चालू होतं, बिऱ्हाडही आत असणार. पाटी जुळत नव्हती. आणि पाटीच जुळत नसेल तर शिक्का तरी कोण देणार? शनिवारची ती लाल ओळ हेच सांगत होती. नावाची पडताळणी होऊ शकली नाही. तिनं ती वाचली होती, पण ऐकली नव्हती.

तिनं 'साइट' उघडलं. नाव बरोबर दिसत होतं. तिनं ते पुन्हा वाचलं, बरोबर. तिसऱ्यांदा वाचलं, बरोबर. बाहेर बाळा तारी कोणाशी तरी ओरडून बोलत होते, वाऱ्यात त्यांचा आवाज फाटत होता.

कुडाळच्या टायपिंगच्या क्लासात बाई सांगायच्या, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, कारण डोळा वाचत नाही, आठवतो. म्हणून शब्द शेपटाकडून वाचायचा. तेवीस वर्षं सोसायटीची पत्रं किशोरी तशीच तपासत आली होती. तिनं पेन्सिलीचं टोक पडद्याला लावलं आणि एकेक अक्षर मागून मोजत आली. पत्त्यातल्या नौका या शब्दाशी पेन्सिल थांबली. ए, के, ए, यू, एन. मागून वाचताना ए, के, यू, ए, एन यायला हवं होतं. शनिवारी घाईत 'ए' आणि 'यू' यांची जागा बदलली होती. दोन अक्षरं. एवढंच.

तिनं ती नीट केली. सेव्ह. मग सर्टिफिकेट, पुन्हा मागणी. गोल चक्र फिरू लागलं. ते थांबलं तेव्हा लाल ओळीच्या जागी हिरवी खूण होती. रीस्टार्ट. तिनं पत्ता टाकला, आणि पान उघडलं. चौतीस होड्या, चौतीस छोटे फोटो. त्रिकोण नाही, पडवी नाही.

"इला!" ती ओरडली. "पान इला, भाई!"

ओट्यावर एकदम गलबला झाला. सगळ्यांनी आपापले फोन काढले. किशोरी खुर्चीत मागे रेलली, डोळे मिटले, एक श्वास घेतला. तेवढ्यात बाहेरून सावित्रीकाकींचा आवाज आला.

"हिरवो! चंदनचो हिरवो झालो! इली गो होडी!"

किशोरीनं डोळे उघडले. पडद्यावर सगळेच ठिपके हिरवे होते. चौतीसच्या चौतीस.

शनिवार दुपारचा बॅकअप. सगळ्या होड्या किनाऱ्याला.

ती धावत दारात आली. सावित्रीकाकी पायरी उतरून वाळूच्या दिशेनं निघाल्यासुद्धा होत्या, पदर डोक्यावरून उडालेला, चाल जवळजवळ धावण्याची. दुसरी एक बाई त्यांच्या मागे.

"काकी! थांबा! ता शनवारचा आसा! आजचा नाय!"

काकी थांबल्या. वळल्या. किशोरी पुढे आयुष्यभर तो चेहरा विसरणार नव्हती. आतल्या आत काहीतरी खाली बसल्यासारखा.

किशोरी तशीच आत वळली आणि पॅनलमधलं 'स्टॉप' दाबलं. पान दर काही क्षणांनी आपोआप ताजं होई; लगेच बाहेरच्या सगळ्या फोनवरून ते नाहीसं झालं.

"काय केलंस?" बाळा तारी दारात येऊन म्हणाले. "सुरू झालेला बंद कित्याक केलंस? आता खंय चालूक लागला होता!"

"चालता, पण खोटा सांगता," किशोरी म्हणाली. "दिसला नाय तर माणूस इचारूक येता. खोटा दिसला तर इचारतच नाय. घराक जावन झोपता."

बाळा तारींनी बाहेरचं कॅलेंडर काढलं आणि आणून तिच्या टेबलावर, तिला दिसेल असं, उभं केलं.

पान बंद असलं तरी पॅनल वेगळ्या दारानं उघडत होतं. यादी एका साध्या फाइलमध्ये असते, हे तिनं वहीत लिहिलं होतं. फोल्डर उघडून तिनं ती फाइल काढली. चौतीस ओळी. बाळा तारी कॅलेंडरवरचं एकेक नाव वाचत गेले आणि ती त्या ओळीत 'किनाऱ्याला' पुसून 'दर्यात' लिहीत गेली. एकोणीस वेळा. मग फाइल पुन्हा वरून खाली वाचली. मग खालून वर. आणि मगच 'स्टार्ट' दाबलं.

या वेळी ओट्यावर कोणी ओरडलं नाही. एकोणीस निळे ठिपके सगळ्यांनी मोजून घेतले. सावित्रीकाकी आत येऊन तिच्या टेबलाशेजारी जमिनीवर, भिंतीला टेकून बसल्या.

साडेबाराला वारा आला. आधी माडांचा आवाज बदलला, मग सोसायटीची कौलं वाजू लागली, मग पावसाचा पट्टा दर्यावरून सरळ अंगावर आला. त्याच्या आगेमागे होड्या येऊ लागल्या. किनाऱ्यावरून बाळा तारी फोन करून नाव सांगत, किशोरी ठिपका हिरवा करी. आचऱ्याच्या खाडीत तीन होड्या शिरल्याचा फोन आला; त्या तिघांशी बोलून तिनं त्यांचे ठिपके पिवळे केले. ओट्यावरच्या बायका एकेक करून कमी झाल्या. तीन वाजता पानावर त्या एकोणिसांपैकी पंधरा हिरवे, तीन पिवळे आणि एकच निळा ठिपका राहिला होता.

सावित्रीकाकी उठून पडद्यापाशी आल्या. चंदनच्या होडीच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. पांढरी होडी, कडेला तांबडा पट्टा.

"निळो म्हणजे आसा मां गो तो?"

किशोरीला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

"निळो म्हणजे अजून इल्याची खबर नाय, काकी. माका तेवढाच म्हायत आसा."

काकींनी बोट काढलं नाही. "बरा," त्या म्हणाल्या. "खरा सांगतंस ता बरा."

किशोरीनं डबा उघडला. घावणे होते आणि लसणीची चटणी. तिनं अर्धे झाकणात काढून काकींच्या पुढे ठेवले. काकींनी खाल्लं नाही, पण झाकण मांडीवर घेऊन बसल्या. दर दहा मिनिटांनी किशोरी चंदनचा नंबर लावत होती. बंद. चंदनबरोबर गेलेल्या दोघांचे नंबर लावत होती. बंद. बाळा तारींनी बंदर खात्याला कळवलं होतं, देवगड, विजयदुर्ग, निवती, सगळीकडे ओळखीच्यांना फोन केले होते.

चार वाजायच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज देवगडच्या कोणा तांडेलाचा. तांबड्या पट्ट्याची होडी त्यानं दोरीला बांधून देवगड बंदरात ओढत आणली होती. होडीचं इंजिन बंद पडलेलं. तिघंही बरे आहेत.

सावित्रीकाकी उभ्या राहिल्या. झाकण खाली पडलं.

"तेंका फोन देवा," किशोरी फोनवर म्हणाली. "चंदनक देवा. माका तेचो आवाज आयकाचो आसा."

"अगो, बरो आसा म्हणता मां!" बाळा तारी म्हणाले.

"आवाज आयकल्याशिवाय मी ठिपको बदलूचंय नाय, भाई."

फोनच्या पलीकडे खडखड झाली, वारा झाला, मग एक थकलेला, बसलेला आवाज आला: "किशोरीबाय? चंदन बोलतंय. आये थंय आसा काय?"

किशोरीनं फोन काकींच्या कानाला लावला.

"मेल्या," काकी म्हणाल्या, आणि फोन दोन्ही हातांनी धरला. "जेवलंस काय?" त्यांनी विचारलं.

फोन ठेवल्यावर किशोरीनं माउस त्यांच्या हाताखाली सरकवला. "काकी, हंय दाबा."

"माका नको गो. माझ्या हातान काय मोडला तर?"

"मोडला तर नीट करूया. दाबा."

मासळी कापून कापून घट्टे पडलेलं ते बोट माउसवर टेकलं, पण दाबलं जाईना. किशोरीनं आपलं बोट त्यावर ठेवलं आणि दोघींनी मिळून दाबलं. निळा ठिपका पिवळा झाला. काकी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खाली वाकल्या, सांडलेले घावणे गोळा केले, झाकण धुऊन आणून डब्यावर लावलं.

"सकाळी मी बोललंय ता..." त्या म्हणाल्या.

"बोललात ता खरा होता, काकी."

"नाय," सावित्रीकाकी म्हणाल्या. "अर्धाच." आणि भिजलेला पदर पिळत त्या निघून गेल्या.

ऑफिस बंद करण्याआधी किशोरीनं वहीत नवीन पान काढलं. तारीख घातली. वर लिहिलं, 'पान हलवताना', आणि खाली शनिवारपासूनच्या सगळ्या पायऱ्या मराठीत, क्रमवार. जिथं चूक झाली तिथं 'इथे माझी चूक झाली' असं लिहून अक्षरं उलटी कशी पडली ते दाखवलं. शेवटची ओळ: 'यादी आजची आहे का, हे पाहिल्याशिवाय सुरू करू नये.' बाळा तारी तिच्या खांद्यावरून वाचत होते.

"कोणाक लिवतंस ह्या?"

"माझ्या मागसून जो कोण बसात तेका."

"फुडच्या टायमाक माका सांगून कर," ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत वळले. "म्हणजे, करच. पण सांगून कर."

सव्वासहाला ती बस स्टँडवर उभी असताना वर्षालीचा फोन आला.

"मावशी, सतरा मिस कॉल! काय झाला?"

किशोरीनं सांगितलं. पाटी, दोन अक्षरं, शिक्का. वर्षाली मधेमधे हुंकार देत होती. शनिवारच्या यादीचं ऐकल्यावर ती एकदम थांबली.

"म्हणजे चालू झालेला तू परत बंद केलंस?"

"व्हय."

"माका सुचला नसता, मावशी," वर्षाली म्हणाली. "खरा सांगतंय. पान उघडल्यावर मी खुशीत पहिलो तुकाच फोन केलो असतो."

एसटी आली. पाऊस थांबला होता, रस्त्यावर माडांची झावळं पडली होती, ड्रायव्हर त्यांना चुकवत हळूहळू चालला होता. किशोरीला खिडकीजवळची जागा मिळाली नाही. खिडकीशी एक पंचविशीची बाई बसली होती. तिला किशोरीनं कधी पाहिलं नव्हतं. पायांतल्या चपला काढून तिनं टाचा सीटच्या लोखंडी पट्टीवर टेकवल्या होत्या, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसासारख्या. कंडक्टरकडे तिनं कट्ट्याच्या पुढच्या कसालचं तिकीट मागितलं, पर्समध्ये ठेवलं आणि फोन काढला.

किशोरीनं बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. पान उघडलं होतं. बाई अंगठ्यानं यादी वर सरकवत होती. एका होडीपाशी अंगठा थांबला. हिरवा ठिपका. कोण असेल होडीवर? भाऊ, बाप, नवरा. काही कळत नव्हतं. बाईनं तो ठिपका क्षणभर पाहिला, कोणाला फोन केला नाही, काही विचारलं नाही. फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली, डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं, आणि वाटेतलं चौके गाव यायच्या आत तिला झोप लागली.

गाडी खड्ड्यातून गेली तरी ती जागी झाली नाही. हळूहळू तिचं डोकं गजावरून घसरत किशोरीच्या खांद्याशी आलं. किशोरी कट्ट्यापर्यंत हलली नाही. तिथं आल्यावर तिनं आपल्या पिशवीतून डबा आणि वही काढून घेतली. मग बाईचं डोकं हळूच परत गजाकडे नेलं, मधे रिकामी पिशवी सारली, ती तशीच राहू दिली, आणि दाराशी उभ्या कंडक्टरला म्हणाली, "तिका कसालाक उठवा हां. झोपलीहा."

"वळखीची काय?" कंडक्टरनं दोरी ओढत विचारलं.

"नाय," किशोरी म्हणाली आणि उतरली.